मनकर्णाबाईंच्या गोळ्यांचा डबा

"एवढ्या गोळ्यायनंच पोट भरते, मंग भाकर कायले वाढतं वं?" मनकर्णाबाई माझं झाकण उघडता उघडता सुनेवर करवादल्या.

मित्रांनो, मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे. अचलपूरच्या तांबटानं मला घडवलं आणि मनकर्णाबाईंच्या लग्नात मी दर्यापूरला आलो. त्यांच्या झेंडूच्या मळ्यात फुलं तोडणाऱ्या बाया दुपारी माझ्याभोवती बसत. "डबा असावा तं असा," म्हणत, आणि म्हणता म्हणता सुपारी जरा जास्तच उचलत.

मागच्या वर्षी पान बंद झालं. काही दिवस मी फडताळात तसाच पडून होतो. मग त्यांच्या मुलानं, शेखरनं, मला चिंचेनं घासून माझ्या खणांत गोळ्या भरल्या. त्यांतली अकोल्याच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी रक्ताच्या कॅन्सरवरची. पण तो शब्द घरात कुणी उच्चारत नसे. शेखरच्या मुलीचं, गीतांजलीचं, लग्न जुळत होतं. सोयऱ्यांना कळलं तर? खुद्द बाईंनाही 'रक्तवाढीची गोळी' एवढंच सांगितलं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी शेखरला बजावलं होतं, "दुसरी कुठलीही गोळी सुरू करण्याआधी मला फोन करा."

दिवाळीच्या सुमारास बाईंना ताप-खोकला आला. शेखरनं त्यांना अमरावतीला आपल्या बहिणीकडं नेलं. तिथल्या डॉक्टरांना छातीत बुरशी सापडली. त्यांनी विचारलं, "आणखी कुठली औषधं सुरू आहेत?" बाजूला उभा कंपाउंडर नेमका नवऱ्या मुलाच्या गावचा. शेखर म्हणाला, "रक्तवाढीची गोळी हाये, दुसरं काई नाही." अकोल्याला फोनही केला नाही.

बुरशीवरची गोळी माझ्यात, अकोल्याच्या गोळीशेजारच्या खणात आली. दोघींच्या मधे पातळसा पत्रा. माझ्यात त्या गुण्यागोविंदानं राहिल्या. पोटात गेल्यावर मात्र नवी गोळी जुनीचा निचराच होऊ देईना. रोजची एक गोळी साठत साठत तीन-चारांइतकी झाली. जुनीचं प्रमाण पहिल्याच दिवशी कमी करायला हवं होतं. मला कळत होतं, पण डब्याला झाकण असतं, तोंड नसतं.

पंधरा दिवसांत बाईंचं तोंड फोडांनी भरलं. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. पुन्हा अमरावती, या वेळी पिशवीतून मीही सोबत. रिपोर्ट पाहून डॉक्टर माझ्यातली अकोल्याची गोळी उचलून म्हणाले, "पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात. ही कशाची गोळी? पाकीट कुठं आहे?"

"फेकलं, साहेब," शेखर म्हणाला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, न ठेवा. पण आपल्या माणसाच्या गोळ्यांची नावं कुठल्याच डॉक्टरपासून लपवू नका. मी हे सांगतोय तेव्हा उशीर झालेला आहे. किती, ते डॉक्टरही सांगेनात.

शेखर माझं झाकण लावू लागला. बहीण पदर तोंडाला लावून रडू लागली. मनकर्णाबाईंना बोलताना फोड झोंबत होते, तरी त्या बोलल्या.

"तो काय सांगते, साहेब. वर्षभर मले अकोल्याले कोन्या दवाखान्यात नेतात, ते मले दिसत नाही का? नातीच्या लग्नापायी मीबी चूप राह्यली. मले रक्ताचा कॅन्सर हाये."