घारीसाठी मौन

घास हातात घेतला की देवाचं नाव आपोआप तोंडात येतं, ही आमच्या घरची सवय. माहेरी आई बैलापुढे पेंड ठेवतानासुद्धा दोन ओळी गुणगुणायची. त्यामुळे चैत्रात दामिनीने घारीचं पिल्लू माझ्या हवाली केलं आणि "काकू, खिलाते वक्त एकदम चुप" असं बजावलं, तेव्हा मी मान हलवली खरी, पण ते कानाआड केलं.

दामिनी वनखात्याच्या पाखरांच्या केंद्रात काम करते. उन्हाळ्यात तिथे पिल्लांची इतकी दाटी होते की, खात्याच्या परवानगीने काही पिल्लं आमच्यासारख्या शिकवून तयार केलेल्या माणसांकडे ठेवावी लागतात. हे पिल्लू आमच्या रिसाली वस्तीतल्याच एका निलगिरीवरून खाली आलं होतं, एक पंख मुरगळून.

मग काय, गळ्यात तुळशीची माळ आणि चिमट्यात कोंबडीचा तुकडा, अशी मी दिवसातून पाचदा मागच्या अंगणातल्या जाळीपुढे बसू लागले. एक तुकडा, एक ओळ. आमचे हे, केवलराम, पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झाल्यापासून दुसऱ्यांच्या कामावर नजर ठेवायला मोकळेच.

"भजन घारीले आयकवून राहिली का कोंबडीले?"

"दोघींले. तुमीबी बसा, तुमालेबी गरज हाये."

पंख जुळला. पिल्लू मोठं झालं, जाळीतल्या जाळीत उडायला लागलं. मी गायला लागले की चोच उघडून पुढे यायचं. मला वाटायचं, काय गोड जीव, नामाची ओढ लागली! माणसाला स्वतःची चूकही किती सुंदर दिसते बघा.

अधिक ज्येष्ठात आमच्या गल्लीतल्या मंदिरात सप्ताह बसला. कीर्तनाला तुमसरचे नत्थूबुवा. पूर्वरंग आटोपून बुवा आख्यानाला हात घालतात, तेव्हा बसलेली माणसं नकळत चार बोटं पुढे सरकतात, तो क्षण मला फार प्रिय. मी टाळकऱ्यांत उभी. तिसऱ्या दिवशी दुपारी जाळीची कडी नीट न लावताच मी घाईने निघाले होते. बुवांनी खूण केली, मी टाळ वाजवत आवाज उचलला, आणि मांडवाच्या कनातीवरून घार आत आली. सरळ बुवांच्या माइकवर बसली.

"गरुड! साक्षात गरुड आला!" सगळा मांडव उभा राहिला. कोणी कुंकवाला धावलं, कोणी मोबाइल काढला. बुवांनी हात जोडले. घारीने मात्र माझ्याकडे तोंड करून चोच उघडली. हजार माणसांत मला एकटीलाच कळलं की तिला तुकडा हवा आहे. कीर्तन संपल्यावर तिला घरी आणून जाळीत घातलं, या वेळी कडी नीट लावून.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुरुद गावाहून लोक विचारत आले, "आज गरुड येनार का?" मंदिराच्या मंडळाने ठरवलं, घारीला मंदिरातच ठेवायचं.

दामिनी आली ती तापूनच. "काकू, ये गरुड-वरुड कुछ नहीं. हिले माणूस म्हंजे आई वाटते. उद्या कोनाच्या पोराच्या हातातल्या पोळीवर झपटली, तर लोक दगड मारतील. आनि शिकार? ती शिकलीच नाई. ऐसी चिड़िया को छोड़ नहीं सकते. जन्मभर पिंजरा."

"हिले सुदरवाले किती दिवस हायेत आपल्यापाशी?"

"जास्त नाई. आता माणूस विसरली तर विसरली."

त्या दिवशीच्या कीर्तनात, अभंग सुरू व्हायच्या आधी, मी टाळ खाली ठेवून उभी राहिले. "बुवा, माफी असावी. हे गरुड नाई. हे माह्या चुकीचं पाखरू हाये. घासासंगं गानं लावलं म्यां, म्हून ते गान्यामांगं आलं. देवाचं असंल तर देवाच्या आभायातच जाऊ द्या. मंदिरात नाई ठेवू देनार मी."

मागून एक बाई पुटपुटली, "चांगला आलेला देव धाडून देते का कोनी?"

बुवांनी उपरण्याने कपाळ पुसलं आणि हसले. "सिंधुताई, आजचा पूर्वरंग तं तुमीच केला. आता उत्तररंगाले मले काय उरलं?" आणि खरंच, त्या दिवशी ते पूर्ण वेळ सोडून देण्यावर बोलले. असं कीर्तन मी आजवर ऐकलं नव्हतं.

घार केंद्रातल्या मोठ्या पिंजऱ्यात गेली. सोबत बऱ्या झालेल्या दोन जाणत्या घारी. चारी बाजूंनी हिरवं कापड. खाणं नळीतून आत सरकवायचं, माणसाचा चेहरा दिसता कामा नये, आवाज नको. हे काम मीच मागून घेतलं. चूक माझी, तर निस्तरणार दुसरं कोण?

"तीस वर्सांत पयल्यांदा तुह्या तोंडाले सुट्टी," हे म्हणाले.

देवाचं नाव मी मनातच घेत होते. पण आठव्या दिवशी घशात खवखवलं, मी नुसतं खाकरले, आणि आतून पंख फडफडले. घार कापडाला येऊन चिकटली. दामिनीने माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडात धरला. मौनाचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात. त्या दोन घारींनी मात्र तिला बरंच शिकवलं. महिना होत आला तेव्हा तिने जिवंत उंदीर पहिल्याच झडपेत उचलला.

मग एका सकाळी दामिनी म्हणाली, "काकू, अब गाओ. पूरा जोर से."

कापड दूर केलं. मी समोर उभी राहिले, टाळ वाजवले, आवाज लावला. दोन घारी दचकल्या. तिसरी, माझी, मानेची पिसं फुगवून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसली. श्रोता उठून गेल्याचा इतका आनंद कोणत्या गाणाऱ्याला झाला असेल?

दामिनीने वरचं दार ओढलं. आधी दोघी गेल्या. ती काठावर आली, थांबली. हे माझ्या कानाशी म्हणाले, "आता गप ऱ्हा, नाईतं येईन वापस."

"नाई येत," मी म्हटलं आणि आणखी मोठ्याने गायला लागले.

ती उडाली. त्या दोघींच्या मागे, गुलमोहरांवरून, पाण्याच्या टाकीवरून, रसमडा गावाच्या दिशेने. एकदाही खाली वळली नाही. भजन अर्ध्यावर सोडायची आमच्यात रीत नाही, म्हणून शेवटपर्यंत म्हटलं. यांनी टाळ्यांनी धरलेला ठेका जरा चुकत होता; चालवून घेतला.