खोटं भांडण

वस्ती पाडून तिथे इमारती होणार, हे ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते. या वेळी मात्र खरंच माणसं आली, दारांवर आकडे रंगवून गेली आणि जाताना नियम सांगून गेली: जितक्या चुली तितकी घरं. एका खोलीत दोन भाऊ, दोघांच्या बायका आणि चार पोरं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपत असली, तरी स्वयंपाक एकत्र असेल तर घर एकच.

"मग चूल वेगळी करू," धाकटा भाऊ म्हणाला. "पाहणी होईपर्यंत. त्यात काय एवढं?"

त्याची वहिनी, घरातली थोरली, नुकतीच कारखान्यातून आली होती. दिवसभर शर्टांना काजं करून तिची बोटं वळत नव्हती. तिने नुसती मान हलवली. कधीतरी पाय लांब करून झोपायला मिळावं, एवढीच तिची हौस होती.

एक शेगडी मागून आणली, मध्ये जुन्या चादरीचा पडदा लावला. अडचण वेगळीच होती. पाहणीवाली बाई शेजारीपाजारी विचारणार, आणि समोरचा शिंपी म्हणजे वस्तीचा भोंगा. नऊ वर्षांत या दोघी जावांचा आवाज चढलेला त्याने ऐकला नव्हता. त्याला पटायचं कसं? तेव्हा असं ठरलं, की दारात उभं राहून कडाक्याचं भांडायचं.

कुणी काय बोलायचं ते दोघींनी भांडी घासता घासता ठरवलं. हसता हसता धाकटीच्या हातातलं ताट निसटलं.

रविवारी शिंप्याने मशीन बाहेर मांडलं, तशी थोरली कडाडली, "पाणी भरायचं मी आणि उडवायचं राणीसाहेबांनी!"

मशीन थांबलं. धाकटीने ठरल्याप्रमाणे कमरेवर हात ठेवले. पुढे ती जे बोलली ते मात्र ठरलेलं नव्हतं.

"राणी? नऊ वर्षं रोज माझ्या ताटात खरवड! मऊ भात सगळ्यांना, आणि मी आपली पातेल्याच्या बुडाचं करपलेलं चावतेय. मोलकरणीला तरी विचारून वाढतात!"

ती खरोखर रडत होती. थोरलीला आठवलं: लग्न होऊन आली त्या आठवड्यात हीच तर म्हणाली होती, "मला खरवडच आवडते." त्या दिवशी भात कमी पडला होता आणि नवी नवरी संकोचाने तसं बोलली, हे थोरलीच्या डोक्यात कधी आलंच नाही. तेव्हापासून ती रोज पातेलं मुद्दाम जास्त वेळ आचेवर ठेवायची, खरवड चांगली धरावी म्हणून. पोरांनी मागितली तर हातावर चापट द्यायची: काकूची आहे ती.

हे तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण शिंपी कान टवकारून बसला होता, आणि भांडण मिटलं की घर गेलं. थोरलीने मन घट्ट केलं. "मग घे ती शेगडी आणि शिजव तुझं तू!"

पाहणीवाल्या बाईला शिंप्याने न विचारताच सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. दोन घरं मंजूर झाली. पडदा मात्र कुणी काढला नाही. आधी बाई परत येईल म्हणून, नंतर राहून गेला म्हणून. धाकटी नजर चुकवायची. थोरलीला वाईट वाटायचं, रागही यायचा, आणि संध्याकाळी बोलायचं त्राण उरायचं नाही.

थोरलीला पुढच्या इमारतीत घर मिळालं, धाकटीला मागच्या. आता पाय लांब करता येत होते, पण झोप लागत नव्हती. दीर ज्या गोदामात हमाली करायचा, तेही त्याच पाडापाडीत गेलं होतं. तो रोज काम शोधायला जायचा आणि मान खाली घालून परत यायचा.

एका संध्याकाळी थोरलीने जुन्या सवयीने आठ जणांचा भात टाकला. मग वरचा मऊ भात डब्यात भरला, पुढचे जिने उतरली, मागचे चढली. लिफ्ट दोन्हीकडे बंदच होती. वाटेत ती मनात जुळवत होती: अगं, मला वाटलं तुला आवडते.

धाकटीने दार उघडलं. पोरं जेवून उठली होती. जमिनीवर पातेलं, त्यात उलथनं. ती खरवड खात बसली होती.

"अगं, आता पातेलं तुझं, वाढणारी तू," थोरली म्हणाली. "मग हे काय?"

"वाढायला लागले तेव्हाच कळलं, ताई. पोरांना आणि ह्यांना वाढलं की हेच उरतं." मग ती म्हणाली, "तुम्ही काय जेवायचात हो? मी कधी बघितलंच नाही."

"पोरांच्या ताटात राहील ते," थोरली म्हणाली. "सरक जरा."

ती खाली बसली. डबा तिने धाकटीपुढे सारला आणि पातेलं आपल्याकडे ओढलं. नऊ वर्षं राखून ठेवलेली खरवड तिने आज पहिल्यांदा तोंडात घातली. कडू होती.