पाण्याचा वाफा

बागेच्या पाटीवरचं 'संघप्रदेश' खोडून 'राज्य' लिहिलं, त्याला आठ महिने झाले होते. रंग अजून नवा दिसत होता.

पाळी गावच्या खाणींकडून येणारे खनिजाचे ट्रक. रस्त्याकडेची पानं तांबडी.

पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंपू. उंडे पाव संपले.

साखर मोजायच्या नळीच्या काचेवर टोमॅटोच्या रसाचा एक थेंब. गोडीचा आकडा सात.

"सात!" प्रयोग करणाऱ्या सुमन मॅडम ओरडल्या आणि कमलाक्षीच्या पाठीवर थाप पडली. ती लागली चंद्रावतीला.

मयेच्या सरकारी बागेत टोमॅटोचे दोन वाफे होते. एकाला रोज पाणी. ते काम चंद्रावतीचं. नऊ वर्षं रोजंदारीवर होती ती. दुसरा मुद्दाम तहानलेला ठेवायचा. तो कमलाक्षीचा. ही सावंतवाडीकडची, नवरा ट्रकवर, बागेत येऊन जेमतेम चार महिने. आणि जूनमध्ये दोघींपैकी एकीलाच कायम करणार होते.

तहानलेलं झाड आतल्या आत कसलंसं प्रथिन तयार करतं, ते साखरेला पानातून फळाकडे वाट करून देतं, असा आपला अंदाज आहे, असं मॅडम पणजीच्या पाहुण्यांना सांगत. पाहुणे सुक्या वाफ्याशी उभे राहून फोटो काढत. चंद्रावतीच्या हिरव्यागार वाफ्याकडे त्यांची पाठ असे. तिच्या फळांचा आकडा चार. तो लिहून घेताना मॅडम मानही वर करत नसत.

"तुजें बरें गो," जेवताना चंद्रावती म्हणाली. "हात हालोवपाचो ना, आनी फोटो तुजो."

"माझो खय, चंद्राबाय? झाडांचो. माका तर ती बघवणत नाय."

"व्हय तर! पानी घालपाक नाका, आनी वयर माया."

कमलाक्षी हसली. डब्यातली बांगड्याची तुकडी तिने चंद्रावतीच्या ताटलीत ठेवली. चंद्रावतीने ती मांजराला टाकली.

मग मॅडम दहा दिवस पणजीला गेल्या. पहिले दोन दिवस चंद्रावती माहेरच्या जत्रेला होती, पाईप कमलाक्षीकडे. परतल्यावर चंद्रावती रोज पाईप लावी, तोंड मात्र चरात सोडी. चौथ्या दिवशी पानं माना टाकून बसली.

"सोसात," ती झाडांना म्हणाली. "तुमकांय कोण तरी पळयतलें, फोटो काडटलें."

मॅडम यायच्या आदल्या संध्याकाळी तिने वाफा भिजवला. सकाळी पानं उभी.

थेंब. मॅडमनी नळी डोळ्याला लावली, काच पुसली, पुन्हा लावली.

"चंद्रावती, सात!"

त्या तिच्याकडे बघत होत्या. थेट. एवढ्यासाठीच तर केलं होतं सगळं. चंद्रावतीने पदर सारखा केला.

मॅडम बांधावर मटकन बसल्या. "याला पाणी मिळालेलं नाही. अगं, हा वाफा होता म्हणून त्या वाफ्याला अर्थ होता. आता ताडून बघू कशाशी? दोन वर्षांचं काम गेलं. कोणी केलं हे?"

मुकादम दत्ताराम हजेरीची वही घेऊन आला. चंद्रावतीला वहीच तेवढी दिसली.

"हांव जत्रेक गेल्लें तेन्ना पाईप हिच्याकडेन आशिल्लो," ती म्हणाली. "परत येवन पळयतां, तर पानां सुकिल्लीं."

"खरं का, कमलाक्षी?"

"मी घातलय पानी, मॅडम. दोनय दिस." कमलाक्षी चंद्रावतीकडे बघत राहिली. "सांग गे बाय."

चंद्रावतीने पाईपची गुंडाळी करायला घेतली.

दत्तारामने वहीत कमलाक्षीच्या नावावर रेघ मारली. कमलाक्षीने डबा पिशवीत टाकला. फाटकाकडे जाताना ती सुक्या वाफ्याशी वाकली आणि प्यायच्या बाटलीतलं उरलेलं पाणी एका झाडाच्या बुंध्याशी ओतलं. आता तिला अडवायला कोणी पुढे झालं नाही.

कामावर आली त्या पहिल्या दिवशी कमलाक्षीने पाण्याचाच वाफा मागितला होता. मॅडमनी दिला नाही. त्या वाफ्याला भरवशाचं माणूस हवं, म्हणून तो त्यांनी चंद्रावतीकडे ठेवला.