तिसरी खुर्ची

माझी धाकटी बहीण नेल्डा फेरीनवर शाळेपासून जळते. बँडच्या पुढे काठी फिरवत चालायला फेरीनची निवड झाली, तेव्हापासून. आता दोघींनी पन्नाशी ओलांडली. नेल्डा आमच्या कॉटर गावची नगरसेविका, फेरीन शेजारच्या पाइकची नगराध्यक्ष. तरी ती काठी नेल्डाच्या डोळ्यांत अजून सलते.

त्या वर्षी नोव्हेंबरात टेक्ससभर पाणीयोजनेवर मतदान होतं. योजना मंजूर झाली तर नवी विहीर, नवी पाइपलाइन. नाही तर आमच्या नळाला येणारं चहाच्या रंगाचं पाणीही किती दिवस टिकेल कोण जाणे. गावोगावच्या नगरसभांनी पाठिंब्याचे ठराव केले की लोकांची मतं वळतात, म्हणून दोघी ठराव गोळा करत फिरत होत्या. फेरीन जाईल तिथे हात वर होत. नेल्डाला मात्र स्वतःच्या गावात पाच नगरसेवकांतले तीन जमेनात. ती आणि डेल, झाले दोन. दुसरे दोघे कट्टर विरोधात. उरला म्हातारा गुरंवाला ऑर्व्हल. उन्हाळाभर ती त्याच्या मागे लागली होती. तो ऐकून घ्यायचा, टोपी सारखी करायचा आणि चालू पडायचा.

आमच्याकडे पाचांतले तिघे एका टेबलाशी बसून गावच्या कामाचं बोलले, तर ती चोरून घेतलेली सभा ठरते. कायद्याने गुन्हा. म्हणून माझ्या हॉटेलात तिसरा नगरसेवक आला की आधीच्या दोघांतला एक मुकाट्याने उठतो. नाहीच उठला, तर तिघांनी फक्त फुटबॉलवर बोलायचं.

ठरावाच्या दिवशी सकाळी फेरीन आली आणि डेल व ऑर्व्हलच्या टेबलाशी बसली. ती पाइकची, तिला मोजायचं कारण नाही. थोड्या वेळाने पाहते तर ऑर्व्हलने टोपी काढून ठेवलेली. इतक्या वर्षांत त्याचं टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं. तेवढ्यात नेल्डा दारातून आत आली आणि थबकली.

"टोपी काढली त्याने," ती काउंटरशी येऊन म्हणाली. "माझ्यासमोर कधी काढली?"

"अगं, काम होतंय ना? कुणी का करेना."

"म्हणजे उद्या सगळीकडे बोभाटा, कॉटरचा ठराव फेरीनने मिळवला. माझं गाव आहे हे, वेल्मा."

"इथे बस. कॉफी घे."

ती सरळ तिकडे गेली, खुर्ची ओढून बसली. डेल रिवाजाप्रमाणे उठू लागला, तर तिने त्याची बाही धरली.

"बस रे. वेल्मा, डेलला दालचिनी रोल आण. माझ्याकडून."

फुकटचा रोल टाकून डेल हलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ऑर्व्हलने बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"शुक्रवारी आपली पोरं जिंकतील का?" तो म्हणाला.

फेरीन नेल्डाकडे बघत राहिली. मग तीही पोरांच्या खेळावर बोलू लागली. कॉफी संपवून ऑर्व्हलने टोपी चढवली आणि गेला. नेल्डाने डेलच्या रोलचा तुकडा मोडून तोंडात टाकला. बऱ्याच दिवसांनी तिला चवीने खाताना पाहिलं, आणि मला तिचा राग आला.

संध्याकाळी फेरीन पाइकच्या सभेला होती. आमच्याकडे ठराव मांडला. नेल्डाचा हात वर, डेलचा हात वर. ऑर्व्हल टेबलाकडे बघत बसला. ठराव पडला, आणि पुढची सभा मतदानानंतरच होती.

बाहेर गाडीशी नेल्डाने त्याला गाठलं. मी सोबत होते.

"उन्हाळाभर घसा कोरडा केला मी. सकाळी फेरीनचं तर पटत होतं ना तुम्हाला?"

"फेरीनचं कुठलं?" ऑर्व्हल म्हणाला. "मी तिला विचारलं, सगळं पाणी डॅलसवाले ढोसणार, आपल्याला काय? ती म्हणाली, याचं उत्तर मला नेल्डाने शिकवलंय, तिच्याच तोंडून ऐका. तेवढ्यात तू आलीस. म्हटलं, डेल उठला की विचारू."

"मग आत्ता सभेत विचारायचं."

"अख्ख्या गावासमोर? हसं करून घेऊ?"

नेल्डाचा चेहरा उतरला. तिने गाडीचं दार धरलं.

"लहान गावांचा वाटा वेगळा राखलाय," ती म्हणाली. "त्याला डॅलस हात लावू शकत नाही."

ऑर्व्हलने टोपी काढली.

"एवढंच होतं होय," तो म्हणाला.