पाणचक्कीची आंघोळ

गावाबाहेरची जुनी पाणचक्की संरक्षित वास्तूंच्या यादीत घ्यायची की नाही, हे ठरवायला अधिकारी बाई येणार होत्या. नाव लागलं तर चक्की वाचणार, नाहीतर ती पाडून रस्ता रुंद होणार. म्हणून गवंडी बाबांनी आठवडाभर तारेच्या ब्रशने भिंती घासघासून लख्ख केल्या. लेकीनेही बादल्या भरभरून पाणी दिलं.

बाईंनी भिंतीवरून हात फिरवला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही तर कालच बांधल्यासारखी दिसते! ना शेवाळ, ना डाग. जुनी कशावरून म्हणायची?"

बाबांचं तोंड एवढंसं झालं. "अहो, तुम्ही येणार म्हणून आंघोळ घातली हो तिला!"

एकदम लेकीची ट्यूब पेटली.

"मॅडम, चाकामागे चला. तिथे बाबांनी घासलेलं नाही."

"का गं?"

"त्या फटीत त्यांचं पोट शिरत नाही."

बाई हसत हसत अंग चोरून आत शिरल्या. टॉर्चच्या उजेडात तिथे गुबगुबीत शेवाळ होतं आणि त्याखाली दगडात कोरलेलं साल, तब्बल दीडशे वर्षांपूर्वीचं! केसांत जळमटं घेऊनच बाई बाहेर आल्या आणि त्यांनी यादीत नाव लिहून टाकलं.

"आता मात्र ब्रश लावायचा नाही हं!" त्यांनी बाबांना दटावलं.

बाबांनी पोटावरून ऐटीत हात फिरवला आणि ते लेकीला म्हणाले, "तुझी आई रोज म्हणते ना, पोट कमी करा? घरी गेल्यावर सांग तिला, चक्की कोणी वाचवली ते!"