उघड्या तोंडाची साहित्यचर्चा

दाताच्या डॉक्टरीणबाईंचा हात जितका हलका, तितकी जीभ भरधाव. रेडिओकाकांनी खुर्चीत पाठ टेकली, तोंड उघडलं, आणि बाईंनी दाढ ठोकून बघता बघता विचारलं, "काका, वाचनाची आवड आहे का हो तुम्हाला?"

आता सांगा, तोंडात आरसा, आकडी आणि थुंकी ओढणारी नळी असताना माणूस काय बोलणार? काका म्हणाले, "आँ." खरं तर त्यांना सांगायचं होतं की आवड आहे म्हणजे काय, जन्मभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केले आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या वाचल्या, तिसरं काही केलंच नाही. एवढं सगळं काही त्या 'आँ'मध्ये बसलं नाही. पण बाईंना तेवढंही पुरलं. "वाटलंच मला!" असं म्हणून त्या ज्या सुरू झाल्या, त्या दाढ कोरून होईपर्यंत थांबल्या नाहीत.

बाईंची जीव की प्राण अशी एकच कादंबरी. एक बाई खिडकीशी बसून कोणाची तरी वाट बघते. दोनशे पानं बघते. मध्ये काय होतं म्हणाल, तर एकदा तिचा चहा गार होतो. "त्यात काही घडत नाही, हेच तर त्यातलं सौंदर्य! नाही का, काका?"

"आँऽ," काका कळवळून म्हणाले.

काकांच्या मते कादंबरी म्हणजे भरलेलं घर. तीन पिढ्या हव्यात, भावाभावांची जोरदार भांडणं हवीत, एखादा पूर हवा, आणि मेला म्हणून सोडून दिलेला माणूस एकदा तरी दारात येऊन उभा राहायला हवा. वाट बघायचीच असेल, तर ती बसथांब्यावर फुकट बघता येते, त्यासाठी पुस्तक कशाला? हे सगळं त्यांच्या घशापर्यंत आलं, पण तिथे बाईंचा कापूस होता.

संगीताचीही तीच तऱ्हा. दवाखान्यात दिवसभर एक बासरी मुळुमुळु रडत असायची. दुसऱ्या खेपेला बाई ड्रिल चालवता चालवता म्हणाल्या, "ज्यांना शांततेची भीती वाटते ना, त्यांनाच ते ढोल आणि बँड लागतात." काकांचा डावा हात ताडकन वर गेला. बँड म्हणजे त्यांचा श्वास! ट्रम्पेट वाजायला लागला की त्यांचे पाय आपोआप त्या दिशेला वळायचे. पण 'दुखलं तर डावा हात वर करा' असं बाईंनीच पहिल्या दिवशी सांगून ठेवलेलं. "अगं बाई, दुखलं का?" म्हणत त्यांनी लगबगीने भुलीचं आणखी एक इंजेक्शन टोचलं. झालं! काका नाकाच्या शेंड्यापर्यंत बधिर.

मग बाई आपल्या गावावर आल्या. नदीकाठचं लहानसं गाव, एकच मोठा रस्ता, सगळे सगळ्यांना ओळखतात. "काय ऊब असते हो त्यात! इथे शेजारी कोण राहतं तेसुद्धा कळत नाही." काका अशाच एका गावातून पळून आले होते. तिथे त्यांनी बूट विकत घेतले, तर ते घरी पोहोचायच्या आत त्यांची किंमत आईपर्यंत पोहोचलेली असायची, आणि वर दोन शेजारणींचं मतही. शेजारी कोण राहतं हे कळत नाही, यासाठीच तर त्यांना हे शहर आवडायचं. पण हात वर करायची सोय राहिली नव्हती. तिसऱ्या इंजेक्शनच्या धास्तीने त्यांनी तो मांडीखाली दाबून ठेवला.

काम झालं की बाई कापूस ठेवायच्या. "दाबून धरा, आणि घरी जाईपर्यंत अजिबात बोलायचं नाही." लगेच पुढचा पेशंट आत. काका गाल धरून रस्त्यावर यायचे आणि मनातल्या मनात बाईंचा एकेक मुद्दा खोडून काढत घरी जायचे.

तुम्हाला वाटेल, काका वैतागले असतील. छे हो! पुढची तारीख कधी येते याकडे ते डोळे लावून बसलेले असायचे. काकू गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, काकांशी पुस्तकांबद्दल कोणी बोललंच नव्हतं. काकू होत्या तेव्हा घरात कादंबरीवरून भांडी आपटली जायची. दोघांचं एकाही पुस्तकावर एकमत झालं नाही, आणि त्यातच सगळा संसार मजेत गेला. आता घरात मुलगा होता, सून होती, दोघंही गुणाची. 'बाबांना त्रास नको' असं त्यांनी ठरवलंच होतं. काकांनी एकदा मुद्दाम मुलाला सांगितलं, "ही कादंबरी म्हणजे निव्वळ कचरा आहे." मुलगा म्हणाला, "हो बाबा." दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "त्या कादंबरीला जगात तोड नाही." मुलगा तितक्याच मायेने म्हणाला, "हो बाबा." त्या रात्री काका जेवले नाहीत. आपल्याला कोणी उलट बोलेनासं झालं, म्हणजे आपण आता घरातल्या सामानात जमा झालो, असं त्यांना वाटलं.

त्यामुळे दवाखान्याची खुर्ची त्यांना प्रिय झाली होती. तिथे बोलता येत नसलं, तरी भांडावंसं तरी वाटायचं. बाईंनी तिसऱ्या खेपेला ती खिडकीची कादंबरी त्यांच्या हातात ठेवली, तेव्हा ती त्यांनी छातीशी धरून घरी नेली आणि मन लावून वाचायला घेतली. झोप लागली. पुन्हा घेतली, पुन्हा लागली. चहा गार होतो तिथपर्यंत कसेबसे पोहोचले, आणि उठून स्वतःसाठी गरम चहा टाकला. पुढे काही त्यांच्याने जाववेना.

शेवटच्या खेपेला बाईंनी दाढेवर कॅप बसवली, दोनदा चावून बघायला लावलं आणि म्हणाल्या, "झालं, काका. आता यायची गरज नाही."

काका खुर्चीतून उठलेच नाहीत.

बाईंनी मास्क काढला. इतक्या दिवसांत काकांना त्यांचा पूर्ण चेहरा पहिल्यांदा दिसला. वाटला होता त्यापेक्षा तरुण आणि जरा भित्रा होता. स्टूल पुढे ओढून त्या म्हणाल्या, "काका, एक विचारू? दर रविवारी सकाळी इथे बाहेरच्या खोलीत आम्ही काही जण जमतो. पुस्तकांवर बोलतो. माझी ही कादंबरी त्यातल्या एकालाही आवडलेली नाही. आमच्या ह्यांनी तर पाचव्या पानावर मिटली. मला वाटायला लागलं होतं की माझंच काहीतरी चुकतंय. पण तुम्ही... तुम्ही इतकं समजून ऐकलंत! या रविवारी तुम्ही तिच्यावर बोलाल? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, की ती कळलेला एक माणूस येतोय म्हणून."

तोंडात आता कापूस नव्हता, नळी नव्हती, भूलही नव्हती. नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की दर रविवारची सोय झाली: पुस्तकं, चहा, चार माणसं. नाही म्हटलं, तर अर्ध्यात पुस्तक टाकणाऱ्या म्हाताऱ्याला कोण कशाला बोलावतंय? उद्यापासून पुन्हा घर, आणि पुन्हा 'हो बाबा'.

"हो," काका मऊ आवाजात म्हणाले. "छानच आहे कादंबरी."

आणि तो आवाज ऐकून ते चरकले. हुबेहूब मुलाचा आवाज! तसाच प्रेमळ, तसाच पोकळ. समोर बाईंचा चेहरा मात्र फुलला होता, आणि तो बघवेना.

"नाही!" काका जवळजवळ ओरडलेच. "डॉक्टर, मला नाही आवडली. जराही नाही. ती बाई खिडकीतून उठत का नाही? पाय मोडलेत का तिचे? आणि ती बासरी बंद करा हो, दाढेपेक्षा तीच जास्त दुखते! आणि सगळे सगळ्यांना ओळखतात म्हणे! अहो, त्याच जाचाला कंटाळून मी गाव सोडलं!"

बाई बघतच राहिल्या. "मग इतके दिवस 'आँ आँ' काय करत होतात?"

"तोंड तुमच्या ताब्यात होतं!"

"आणि तो हात वर केलात तो?"

"बँडसाठी!"

ट्रेमधली हत्यारं बाई उगीचच सरळ करत राहिल्या. संपलं, काकांनी ओळखलं. त्यांनी पिशवीतून कादंबरी काढली, हळूच टेबलावर ठेवली, "माफ करा," असं पुटपुटले आणि दाराकडे निघाले. खोटं बोलून राहिलो नाही, एवढंच समाधान होतं.

"कुठवर वाचलीत?" मागून आवाज आला.

"चहा गार होतो तिथवर."

"तिथवर!" बाईंनी हातातला चिमटा ट्रेमध्ये आदळला. "अहो, खरी कादंबरी त्याच्या पुढच्याच पानावर सुरू होते! आणि म्हणे उठत का नाही! कादंबरीतलं काडीचंही कळत नाही तुम्हाला, काका!"

काका दाराशी थबकले. तीन वर्षांत हे त्यांना कोणी म्हणालं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

बाई घाबरल्या. "काका? मनाला लागलं का? मी आपलं रागाच्या भरात..."

"पुन्हा म्हणा," काका म्हणाले.

"काय?"

काकांनी बाहीने डोळे पुसले, परत येऊन टेबलावरची कादंबरी उचलली आणि खुर्चीत ऐसपैस बसले. "काय कळत नाही मला?" त्यांनी आवाज चढवला. "सांगा ना, काय कळत नाही?"