अकराचा राउंड

माझी लेक रात्री दहा ते सकाळी सहा रुग्णवाहिकेच्या फोनवर बसते. कुणी जिन्यावरून पडलं, कुणाच्या छातीत कळ आली, की पलीकडून पहिला आवाज तिचा. सातला घरी येते, चार घास खाते आणि झोपायला जाते. जाते म्हणायचं एवढंच.

मी स्वतः एकतीस वर्षं इस्पितळात नर्स होते, त्यातली सतरा रात्रपाळीची. साठाव्या वर्षी डाव्या बाजूला गाठ निघाली आणि स्तन काढावा लागला. म्हणून लेकीला मी झोपेच्या डॉक्टरबाईंकडे ओढतच नेलं. त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्या बायकांत हा धोका थोडा जास्त असावा असं दिसतं, पण छातीठोकपणे सांगता येत नाही. आईला झालं ते काही बदलत नाही, झोप मात्र थोडीफार आपल्या हातात असते. खोलीत काळोख हवा, रोजची वेळ एकच हवी, सलग सात तास मिळाले तर उत्तम. त्यांनी लेकीच्या मनगटावर झोप मोजणारी पट्टी बांधली आणि तीन आठवड्यांनी बोलावलं.

मी कंबर कसली. जाड काळे पडदे शिवले, दारावरची घंटा काढून टाकली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ निवृत्त झाल्यापासून भिंतींना भोकं पाडत असतात. त्यांना जाऊन सांगितलं, तर म्हणाले, "दिवसा नाही तर काय रात्री पाडू?"

"पाडा की," मी म्हणाले. "रात्री ती घरी नसते."

जावई कामानिमित्त सदा फिरतीवर. ते दुपारी बायकोला फोन करून विचारायचे, झोपलीस का? त्यांनाही मी चांगलंच फैलावर घेतलं. इतकं करूनही लेक रोज अकराच्या सुमारास खोलीबाहेर यायची. डोळे लाल, केस पिंजारलेले. "अकराच वाजलेत ना?" म्हणायची आणि खुर्चीत बसून राहायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कधी कचरा नेणाऱ्या गाडीवर राग काढायचे, कधी शेजारच्या कुत्र्यावर.

आमच्या वेळी झोपेबद्दल कुणी विचारतच नव्हतं. मी पाळी करून आडवी झाले की सासूबाई नेमक्या माझ्या उशाशी भांडी लावायला बसायच्या. वॉर्डात मात्र झोपेला मोठा मान. दर दोन तासांनी राउंड घ्यायचा. टॉर्चच्या काचेवर हातरुमाल बांधायचा, पाय न वाजवता खाटेशी जायचं, श्वास बघायचा आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. सतरा वर्षांत माझ्या पावलांनी एकही पेशंट जागा झाला नाही, असं मी अभिमानाने सांगत आले.

तीन आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी पट्टीतली माहिती पडद्यावर दाखवली. आठ ते अकरा गाढ झोप. अकराला मोडलेली. त्यानंतर नुसती चाळवाचाळव.

"अकराला घरात काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी वरच्या गृहस्थांपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांची गाऱ्हाणी सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पण रविवारीसुद्धा अकराच? रविवारी ते गृहस्थ मुलाकडे जातात, कचऱ्याची गाडी येत नाही. हे मला मान्य करावं लागलं. लेक हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत होती.

"आई, तू येतेस," ती म्हणाली.

"मी नुसती बघून जाते. चपलासुद्धा बाहेर काढते."

"दार उघडलं की पॅसेजचा उजेड थेट तोंडावर येतो. आणि तू नाकापाशी हात धरतेस."

मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना. घरी येईपर्यंत तो धुमसत होता. मग विचारलं, इतके दिवस दातखीळ बसली होती का तुझी?

"तुझं ऑपरेशन झालं तेव्हा मी रजा काढून तुझ्या नाकापाशी असाच हात धरायचे," ती म्हणाली. "तू कधी नको म्हणालीस का? मग मी कुठल्या तोंडाने म्हणू?"

म्हणजे तेव्हाही मी जागीच असायचे, हे तिला ठाऊक होतं.

ती आज झोपते ती खोली तेव्हा माझी होती. मी आत पडले-बिडले तर, म्हणून तिनेच दाराची आतली कडी काढून टाकली होती. मी त्याच संध्याकाळी, ती जागी असताना, सुताराला बोलावलं. कडी नवीन, जाड. तो म्हणाला, एवढी कशाला आजी, घरात चोर आहे का? आहे, मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लेक आत गेली. कडी लागल्याचा आवाज ऐकला. अकरा वाजता माझे पाय आपोआप दारापर्यंत गेले. हात लावला, दार हललं नाही. आतून काही ऐकू येईना. बाराला वर भोकं पाडणं सुरू झालं. ती जागी झाली असेल का, हे बघायची सोय नव्हती. मी स्वयंपाकघरात येऊन पुसलेला ओटा पुन्हा पुसला. एक वाजला, दोन वाजले. वाढून ठेवलेलं ताट निवलं, ते झाकलं. मनात नाही नाही ते येत होतं, आणि मी त्या सुताराला शिव्या देत होते.

सव्वातीनला कडी सरकली. लेक बाहेर आली, गालावर उशीच्या वळ्या उमटलेल्या.

"किती वाजले गं?" तिने विचारलं.